सतरा वीत रबर

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता तो ट्रकला, आणि आईचं म्हणणं असं की खालोखाल वगैरे काही नाही, वरच. तात्या, म्हणजे माझे वडील, सकाळी उठले की आधी ट्रकच्या नाकाला उदबत्ती ओवाळायचे आणि मग उरलेली अर्धी उदबत्ती देव्हाऱ्यात आणून खोचायचे. "देवाला काय, उरलंसुरलं चालतंय," आई चुलीपुढून म्हणायची, आणि तात्या ते ऐकूच न आल्यासारखं करून चहा मागायचे. ट्रक जुना होता. नाक पुढं आलेला, डोळे वटारलेला, तात्यांनी तो तिसऱ्या का चौथ्या मालकाकडून घेतलेला. त्यात आमची डाळिंबं, शेजाऱ्यांची वांगी आणि साऱ्या पिंपळीचे टोमॅटो बाजाराला जायचे. तो वस्तीवर परत येत असला की कॅनॉलच्या पुलापासूनच कळायचं, आणि ते इंजिनामुळं नव्हे, दारांमुळं. दोन्ही दारं सुटी झाल्यागत खडखडायची. आई ती खडखड ऐकून तव्यावर भाकरी टाकायची. ट्रक अंगणात येईस्तोवर भाकरी बरोबर फुगलेली असायची. आज माझ्या सुनेला मोबाइलवर सगळं कळतं, कोण कुठं पोचलं ते, पण भाकरी फुगायच्या हिशेबानं तिला काही कळत नाही.

दारं खडखडायचं कारण एवढंच की दाराच्या चौकटीला फिरवून बसवलेलं रबर माझ्या जन्माआधीच झडून गेलं होतं. त्या जागी तात्यांनी वर्षानुवर्षं हाताला येईल ते कोंबलं होतं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे, गोणपाट, आणि एका कोपऱ्यात आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. ती पट्टी आईनं ओळखली तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. इतकं करून धूळ काही थांबली नाही. आमच्या केबिनमध्ये धूळ बाहेरून येत नसे; ती आतच राहायला होती, आणि मधूनमधून बाहेर फिरून यायची.

आता या धुळीनं काय केलं ते सांगते. आईचं माहेर बावड्याचं. बारामतीच्या रस्त्यानं इंदापूरला जायचं आणि तिथून पुढं. एकदा मामाच्या घरी कार्य होतं आणि आम्ही ट्रकनं गेलो. आई उतरली ती नखशिखांत पांढरी. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, गजरा तर ओळखू येत नव्हता. मामी दारात उभी होती. माझी मामी म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. मनात आलेलं तोंडातून बाहेर पडायला तिला वेळच लागत नसे. भरल्या मांडवात ती म्हणाली, "वन्सं, दळण घिऊन आलाय का दळणातच बसून आलाय?" सारा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं तात्या हसले. आईनं कार्य उरकलं, जेवली, वाढलं, निघताना सगळ्यांच्या पाया पडली, आणि त्यानंतर चार वर्षं बावड्याला पाऊल टाकलं नाही. भाऊबीजेला मामाच पिंपळीला यायचा. आई त्याला ओवाळायची, पोटभर जेवू घालायची, त्याच्या बैलांची चौकशी करायची, पण वैनी कशी आहे हे एका शब्दानं विचारायची नाही. मामा जाऊन वळणाआड झाला की ती गोठ्यात जाऊन बराच वेळ शेण ओढत बसायची. ती तिथं रडते हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. माहेर दोन-तीन तासांवर आणि बाई चार वर्षं जात नाही, कशापायी, तर एका वाक्यापायी. मला तेव्हा आईचा राग यायचा. आता येत नाही. मीही त्याहून फालतू कारणांसाठी त्याहून जास्त वर्षं रुसून बसलेली आहे.

पाचव्या वर्षी मामानं नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीचं आवतण द्यायला स्वतः आला. खाली मान घालून म्हणाला, "आक्का, तू आल्याबिगार मी उंबरा वलांडणार न्हाय."

आई बराच वेळ पोळपाट पुसत राहिली. मग म्हणाली, "यीन. पर जे लुगडं हितनं नेसून निघंन ते तसंच्या तसं तितं उतरंल. धुळीचा एक कण दिसला तर दारातनं माघारी फिरंन, आन् मग तुझी माझी भेट ऱ्हायली."

"येष्टीनं जाऊ की मग," तात्यांनी सुचवलं.

"नवऱ्याचा ट्रक दारात आसताना येष्टीनं? मग तर तिला आयतंच गावलं."

हे बोलून ती आत गेली आणि ट्रंकेतून शेवाळी रंगाचं, लाल काठाचं नवं इरकल काढून उन्हात टाकलं. म्हणजे विषय संपला. तात्या ट्रककडं बघत बसले, आणि तेव्हा मी, दहावीला गणितात गचकून घरी बसलेली पोर, म्हणाले, "आई, मी बसवते दाराला रबर. कण येणार नाही आत, बघच." घरात माझी किंमत त्या दिवसांत तशी फार नव्हती. ती वाढवायची ही संधी आहे असं मला वाटलं.

ठरलं असं की फक्त आईच्या बाजूच्या दाराला रबर लावायचं. तात्यांच्या बाजूला लावायचा प्रश्न आईनं एका वाक्यात मिटवला, "त्यास्नी काय करायचंय, ते धुळीचंच हायेत." तात्यांनी दाराची चौकट आपल्या वितीनं मोजली. सोळा वीत भरली. असावी हाताशी म्हणून एक वाढवून सतरा. ते सतरा डोक्यात घोकत मी बारामतीला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानात रबराची वेटोळी टांगलेली होती. दुकानदारानं विचारलं, "किती फूट?" मी म्हणाले, "फूट नाही, सतरा वीत." तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणाची वीत?" मी म्हणाले, "आमच्या घरची," आणि मोठ्या रुबाबात काउंटरवर माझा हात पसरला. एक, दोन, तीन करत माझ्या वितीनं सतरा मोजून घेतल्या. गणितात मी नापास का झाले ते बोर्डाला कळलं होतं, मला त्या दुकानातही कळलं नाही. रबर कापून गुंडाळताना त्या भल्या माणसानं सांगितलं, "दोन गोष्टी ध्यानात ठिव पोरी. सुरवात खालनं कर, जोड पायाशी यिऊ दे. आन् रबर ताणू नगं. ताणलेलं रबर आज ना उद्या आपल्या जागंवर माघारी जातंय." मी मान डोलावली. मान डोलवायला माझ्याइतकी हुशार मुलगी बारामती तालुक्यात नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. आई घरात शेंगदाण्याच्या गूळपोळ्या करत होती, माहेरी न्यायला, आणि वाटेसाठी धपाटे. पोळ्यांचा वास आणि रॉकेलचा वास अंगणात एकमेकांत मिसळला होता. मी आईचं उलथणं पळवून चौकटीवरचा जुना राडा खरवडला. ट्यूब निघाली, गोणपाट निघालं, लुगड्याची पट्टी निघाली. ती मी गुपचूप आईला नेऊन दिली आणि तिनं ती चुलीत घातली. मग रॉकेलनं पत्रा पुसला, गंजलेल्या जागी पॉलिश पेपर मारला, पंक्चरवाल्याकडून आणलेलं पिवळं सोल्युशन बोटानं फासून वाळत ठेवलं. रबर नरम यावं म्हणून बॉनेटवर उन्हात पसरलं. इथवर सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. तेवढ्यात बापूकाका आले.

बापूकाका तात्यांचे धाकटे भाऊ. त्यांना जगातल्या प्रत्येक कामाचं निम्मं ज्ञान होतं आणि उरलेल्या निम्म्याची त्यांना गरज वाटत नसे. मी रबराचं टोक खाली पायाशी धरलेलं बघून ते ओरडले, "आगं थांब! खालनं काय सुरवात करतीस?"

"दुकानदारानं सांगितलंय, काका."

"त्यो दुकानदार हाय. दारावर जे काय लागतं ते वरनं लागतं. मधोमध. तोरण कवा उंबऱ्यापासनं लावत्यात का? शुभकामाला निघालाय, आन् सुरवात पायाशी?"

तात्यांनी डोकं खाजवलं. सासरवाडीला चाललेला माणूस अशा वेळी शुभाशुभाच्या बाबतीत धोका पत्करत नाही. "बापू म्हंतोय त्यात काय चुकीचं हाय," ते म्हणाले. मग काय, हळदीकुंकू आलं, नारळ आला, आणि चौकटीच्या वरच्या पट्टीवर, मधोमध, आई जिथं बसणार तिथं बरोबर तिच्या डोक्यावर, आम्ही रबराचं टोक चिकटवलं. काकांनी वर आंब्याचा डहाळाही खोचला. जगात एवढ्या गाड्या आहेत, पण दाराच्या रबराला तोरण समजून पूजा करणारं घर आमच्याखेरीज दुसरं नसावं.

रबर उजवीकडून खाली उतरलं, पायाशी वळलं, डावीकडून वर चढलं, आणि टोकाला टोक मिळायच्या आधी वीतभर जागा उरली असताना संपलं.

बापूकाका म्हणाले, "लुबाडलं! दुकानदारानं पोरीला लुबाडलं! सतरा सांगून सोळाबी दिल्या न्हाईत." तात्यांनीही दुकानदाराच्या खानदानाची आठवण काढली. मी माझ्या पसरलेल्या पंज्याकडं बघितलं, तात्यांच्या पंज्याकडं बघितलं, आणि सगळं गणित एका झटक्यात मला सुटलं. पण बोलले नाही. घरात नुकती कुठं माझी किंमत वाढत होती. त्या बिचाऱ्या दुकानदाराला मी पोटभर शिव्या खाऊ दिल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या दुकानावरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

"ताणू की जरा," काका म्हणाले. "रबर हाय, ताणायलाच तर आसतंय." दुकानदाराचं दुसरं वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. दोघा भावांनी उन्हात नरम आलेलं ते रबर ओढओढून टोकाला टोक भिडवलं आणि मी अंगठ्यानं दाबून धरलं. मग दार लागेना. तात्यांनी पाठ लावली, काकांनी खांदा लावला, तिसऱ्या खेपेला दार लागलं आणि असा काही धप्प आवाज झाला की आई हातात लाटणं घेऊन बाहेर आली. आमच्या ट्रकनं असा आवाज आजवर कधी केलाच नव्हता.

परीक्षाही झाली. आई जुनं पातळ नेसून केबिनमध्ये बसली, काच वर केली, आणि बापूकाकांनी दारावर बाहेरून मातीनं भरलेलं पोतं झोडपलं. इतकं झोडपलं की कोंबड्या सैरावैरा पळाल्या आणि काका स्वतः दिसेनासे झाले. धूळ बसल्यावर आई खाली उतरली. पातळ झटकलं, हात बघितले, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "माझी पोर हाय." एवढंच. मला आयुष्यात पुढं बरीच शाबासकी मिळाली, पण एवढी लागलेली आणि एवढी टोचलेली दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तात्या स्टिअरिंगवर, मी मधे, आई खिडकीशी. शेवाळी इरकल, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा, मांडीवर पोळ्यांचा डबा. ती एखाद्या मामलेदारासारखी ताठ बसली होती. रस्त्याला धुरळा उठत होता, बैलगाड्या, उसाचे ट्रॅक्टर, सगळे धूळ उडवत होते, आणि आत काही नाही. आईनं दोनदा बोट फिरवून डबा तपासला. लासुर्ण्याच्या जवळपास मी सहज वर बघितलं तर आईच्या डोक्यावर, चौकटीच्या मधोमध, उजेडाची एक बारीक रेघ दिसली. रबराची टोकं एकमेकांपासून बोटभर सरकली होती. निमगाव केतकीला ती दोन बोटं झाली. रबर दुकानदाराच्या शब्दाला जागत होतं. आपल्या जागेवर माघारी चाललं होतं. सुदैवानं धूळ खालून उडते, वरून नव्हे. मी देवाला, तोरणाला आणि बापूकाकांना एका दमात हात जोडले आणि बावडा लवकर यावा म्हणून मनात म्हणत राहिले.

इंदापूर जवळ आलं आणि तात्यांनी ट्रक रस्त्याकडेच्या गाड्या धुण्याच्या जागी वळवला.

"आता काय?" आई म्हणाली.

"ट्रक धुवून घितो. तू चकाचक जाणार, आन् गाडी आशी मळकी? जावयाची काय इज्जत हाय का न्हाय?"

"मी चिखलात उतरायची न्हाय. लुगड्याचा काठ भरंल."

"उतरू नगं की. आता काय कण जात न्हाय आत. रबर हाय!" तात्या माझ्या पाठीवर थाप मारून खाली उतरले.

इथं मी बोलायला हवं होतं. वेळ होता. धुणारा माणूस निवांतपणे पाइप सोडवत होता. मी तोंड उघडलंही होतं, पण "आई, वर फट आहे" म्हटलं की "फट कशी पडली" आलं, आणि ते आलं की माझी वीत आली. मी तोंड मिटलं. आई समोर बघत होती, नथ ठीक करत होती. चार वर्षांनी माहेरी चालली होती. मग त्या माणसानं मोटार सुरू केली, टपावर धार धरली, आणि पाणी तोवर चार बोटं झालेल्या त्या फटीतून थेट आईच्या डोक्यावर आलं. थेंब नव्हे, नळ सुटावा तसं. गजरा वाहून मानेवर आला, कुंकू नाकावर उतरलं, इरकल खांद्यापासून अंगाला चिकटलं. ती ओरडली नाही. पोळ्यांचा डबा तेवढा पदराखाली घेतला आणि डोळे मिटून बसून राहिली.

पाणी थांबलं. तात्यांनी दार उघडलं आणि दगड झाले. "घरी जाऊ," ते कसंबसं म्हणाले. "आपण घरी जाऊ माघारी."

आईनं वर बघितलं. फटीला हात लावला. मग माझा हात उचलला, पंजा उलगडला, आपल्या ओल्या पंज्याशेजारी धरला, आणि म्हणाली, "कुणाच्या वितीनं मोजलंस गं?"

मी रडायला लागले. सगळं सांगून टाकलं, दुकानदार, वीत, जोड, ताण, सगळं. मला वाटलं आता मुस्कटात बसणार, आणि त्याहून वाईट म्हणजे ट्रक फिरणार. माझ्यामुळं आईचं माहेर कायमचं तुटलं या विचारानं मला भरून आलं होतं. आईनं पदर पिळला. पाणी खाली टपटपलं. मग ती तात्यांना म्हणाली, "चला बावड्याला. कोण काय म्हणायचं ते म्हणू दे. धुळीची आले आसं तर म्हणणार न्हाईत न्हवं!"

मामाच्या नव्या दारात मांडव होता, पाहुणे होते, आणि मामी तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. ट्रकच्या आवाजानंच बाहेर आलेली. आई उतरली. वाटेत थोडी वाळली होती, पण केस गालाला चिकटलेले, काठातून अजून पाणी गळतंय. मामीनं आईला वरून खाली बघितलं, आणि मी मनात म्हणाले, आता आली हिची जीभ. आलीच.

"वन्सं," मामी म्हणाली, "मी पाय धुवायला तांब्याभर पाणी आणलं, तुमी तर सगळ्याच धुऊन आलाय!"

कुणी हसलं नाही. मी आईच्या तोंडाकडं बघितलं. तिचा ओठ थरथरला, आणि मला कळेना की रडते आहे की काय. ती हसत होती. आधी नाकातून, मग पोट धरून. मामीच्या हातातला तांब्या बाजूला पडला. ती धावत आली आणि स्वतःच्या पदरानं आईचं डोकं खसाखसा पुसायला लागली, पुसता पुसता रडायला लागली. "चार वरसं," ती म्हणत होती, "एक शब्द काय गेला माझ्या तोंडातनं, तर चार वरसं वाट बघायला लावलीत. रोज दारात बघायची मी, ह्यो ट्रक यीतो का." मग तिनं आईला आत नेलं आणि वास्तुशांतीला स्वतः नेसायचं म्हणून काढून ठेवलेलं जांभळं लुगडं आईला नेसवलं. पूजेला मामी जुन्याच पातळात बसली. आई शेजारी जांभळ्यात. तात्या ओट्यावर बसून येईल त्या पाहुण्याला ट्रकच्या दाराचा धप्प आवाज करून दाखवत होते.

ते रबर पुढं मीच नीट बसवलं. खालून सुरुवात करून, न ताणता, कोपऱ्यावर जरा ढिलं सोडून, आणि मोजायला दोरी घेऊन. त्यानंतर आई दरवर्षी बावड्याला कोरडी ठणठणीत जायची. तरी मामी दारात तांब्याबरोबर खांद्यावर टॉवेल टाकूनच उभी असायची. दोघी त्या टॉवेलावरून इतक्या हसायच्या की तात्यांना वैताग यायचा. ट्रक भंगारात गेला, तात्या गेले, मामा गेला, आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या महिन्यात लेकाच्या गाडीतून बावड्याला गेले. काचा बंद, आत गार हवा, बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही. मामी आता वाकली आहे, नीट दिसतही नाही. भिंत धरधरून दारापर्यंत आली. खांद्यावर टॉवेल होता. तिनं माझं डोकं चाचपलं, केसांतून बोटं फिरवली, खांदा चाचपला, पदर चाचपला.

"कोरडीच आलीस व्हय?" म्हणाली, आणि टॉवेल तसाच हातात धरून दारात उभी राहिली.